वरच्या कुरणावरची उकळी

बिश्केक, १४ मे २०१९

श्रीमती बुरुलचा झापारोव्ना यांस,

या पत्रात मी एकच विधान सिद्ध करणार आहे. जुलै १९८६ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, तपास अधिकाऱ्याला तुम्ही जे सांगितलेत ते खरे होते.

आपली भेट कधी झाली नाही. माझे नाव मात्र तुमच्या कानावर पडलेले असणार. मी कालीपा झुमागुलोव्ना. एकोणीसशे एकसष्ट ते अठ्ठ्याण्णव मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विषतपासणी केली. तुमचे वडील झापार यांचा व्हिसेरा माझ्या टेबलावर आला होता. ज्या अहवालावरून तुमच्या आईला, साइराकान यांना, पतीच्या खुनासाठी बारा वर्षांची शिक्षा झाली, त्याखाली सही माझी आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी. झापार यांचा मृत्यू बचनागाने झाला. आज असतात तशी यंत्रे त्या काळी आमच्याकडे नव्हती. व्हिसेऱ्यातून काढलेल्या अर्काचा एक थेंब आम्ही जिभेच्या टोकावर ठेवत असू. बचनाग असला तर आधी मुंग्या येतात, मग जीभ स्वतःची वाटेनाशी होते. तुमच्या वडिलांच्या जठरातील अर्काने माझी जीभ संध्याकाळपर्यंत बधिर राहिली. त्या दिवशी चहा आणि कोमट पाणी यांतला फरक मला कळला नाही. बेडकाच्या हृदयावरील चाचणीनेही तेच सांगितले. या बाबतीत मी तेव्हा चुकले नव्हते.

वादाचा प्रश्न पुढचा होता: विष त्यांच्या पोटात गेले कसे? गुडघेदुखीसाठी बचनागाची मुळी उकळून मटणाच्या रश्श्यातून देतात, हे तलावाच्या परिसरात कोणालाही ठाऊक आहे. उकळण्याने विष मोडते. मात्र पुरेसे उकळावे लागते. तुमची आई म्हणाली, तीन तास उकळली. तपास अधिकाऱ्याने तुम्हाला विचारले तेव्हा तुम्ही आपाविषयी, म्हणजे आईविषयी, म्हणालात, "आपा चुलीपाशी बसूनच होती. तंबूच्या छताच्या भोकातनं पडणारा उन्हाचा गोळा खोगिरापासून रजयांच्या थप्पीपर्यंत गेला, तेव्हा तिनं पातेलं उतरवलं." हे वाक्य धारिकेत तुमच्याच शब्दांत आहे.

जप्त केलेल्या पिशवीतली तेवढ्याच वजनाची मुळी मी प्रयोगशाळेत तीन तास उकळली. थेंब जिभेवर ठेवला. काहीही झाले नाही. मी अहवालात लिहिले: "तीन तास उकळलेल्या मुळीत मारक प्रमाणात विष शिल्लक राहत नाही, सबब आरोपीचे कथन असत्य आहे."

या वाक्यातून पुढचे सगळे निघाले. आई खोटी ठरली, म्हणजे मुलीला पढवून बोलायला लावलेले ठरले. तुमचे वडील आणि दूधकेंद्रावरची एक बाई यांच्याविषयीची कुजबुज हेतू म्हणून पुढे आली. तुमच्या काकांनी, शामबेत यांनी, साक्ष दिली की आदल्या दिवशी तुमची आई नवऱ्याला म्हणाली होती, "पी, आणि एकदाचा गप्प पड." निकाल वाचायला अकरा मिनिटे लागली. तुम्ही शामबेत यांच्या घरी वाढलात. मला जे कळले त्यावरून, तिथे तुम्हाला हेच सांगितले गेले की तो उन्हाचा गोळा तुम्ही पाहिला नव्हता. तो तुम्हाला शिकवला होता.

आता चूक. आमची प्रयोगशाळा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. तिथे पाणी सत्त्याण्णव अंशांना उकळते. तुमचा लोकरीच्या नमद्याचा तंबू होता बत्तीसशे मीटरवर. तिथे ते एकोणनव्वद अंशांना उकळते, आणि कितीही गोवऱ्या घातल्या तरी त्याहून तापत नाही. बुडबुडे दोन्हीकडे सारखेच दिसतात. आठ अंशांच्या फरकाने विष मोडण्याचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे तुमच्या आईने तीन तास उकळले, आणि तरीही विष उरले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माझ्या वाक्याने त्यांतली एक दुसरीच्या विरुद्ध उभी केली.

हे यंदाच्या हिवाळ्यात जुन्या वह्या लावताना माझ्या ध्यानात आले. सुनावणीत आरोपीने सरपण, चहा वगैरेंविषयी काही किरकोळ विधाने केली होती. ती माझ्या अहवालाच्या कक्षेबाहेरची होती.

तुमच्या आईचे मूत्रपिंड निकामी होत आले आहे. डॉक्टरांचा अंदाज पहिल्या बर्फापर्यंतचा आहे. हा युक्तिवादाचा भाग नाही, म्हणून शेवटी लिहिते.

कालीपा झुमागुलोव्ना


बिश्केक, ९ जून २०१९

बुरुलचा झापारोव्ना,

येकातेरिनबुर्गहून तुमचे उत्तर मिळाले. गैरसमज राहू नये म्हणून ते जसेच्या तसे उतरवते:

"कालीपा एजे, पत्र मिळालं. पाणी किती अंशांना उकळतं ते मला शिकवू नका, मी कारखान्याच्या खानावळीत रोज तीनशे माणसांचं रांधते. रश्श्याची वाटी मी नेली होती. आपानं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, सांडू नकोस. कोर्टात म्हणाली, मी माझ्या हातानं दिली. मी तिथंच काकाच्या मांडीवर बसले होते. ती खोटं बोलली. ज्याला काही लपवायचं नाही तो का खोटं बोलेल? पुन्हा लिहू नका."

सुरुवातीला मला एजे, थोरली बहीण, म्हटले आहे; शेवटच्या वाक्याने मनाई केली आहे. पण त्याच्या आधीच्या वाक्यात प्रश्न आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे माझे काम होते, म्हणून लिहिते आहे.

तुमचा तर्क असा: आई खोटे बोलली, म्हणून तिला विषाची कल्पना होती, म्हणून तिने आपल्या मुलीच्या हातून नवऱ्याला मारले. तेहतीस वर्षे तुम्ही तिच्या दारात का गेला नाहीत हे मला आज समजले. तुमच्या जागी मीही गेले नसते.

परंतु या तर्कात एक पायरी गाळलेली आहे. खोटे बोलणाऱ्याला त्यातून काय मिळाले, हे पाहावे लागते. "वाटी मुलीने नेली" असे सांगितले असते, तर तुमच्या आईचा फायदा होता. सात वर्षांच्या मुलीने वाटेत काय केले, गुडघ्याला चोळायच्या विषारी अर्काची बाटली हाताळली का, असा संशय कोणताही वकील उभा करू शकला असता. "मी माझ्या हाताने दिली" या वाक्याने तिने तो संशय स्वतःच बंद केला. शिवाय तुमची चौकशी पहिल्या जबाबापाशीच थांबली. वाटी नेणारी साक्षीदार असतात तर तुम्हाला न्यायालयात उभे केले असते.

धारिकेची नक्कल मी पुन्हा मागवली. तिच्या पहिल्या जबाबात, पहिल्याच दिवशी, "वाटी मुलीने" एवढे शब्द लिहिले आहेत. ते खोडले आहेत. वर लिहिले आहे, "मी स्वतः". खाली तिच्या अंगठ्याचा ठसा. तिला सही येत होती. त्या दिवशी सही करता आली नाही म्हणून ठसा घेतला, अशी तपास अधिकाऱ्याची टीप आहे.

यावरून खोटे कशासाठी होते ते कळते. रश्श्यात विष का उरले ते कळत नाही. आठ अंशांचे माझे म्हणणे अजून कागदावरचे आहे. कागदावरच्या हिशेबाने मी एकदा एका बाईला तुरुंगात पाठवले. दुसऱ्यांदा त्यावर विसंबणार नाही. जुलैत मी वर जाणार आहे.

का. झु.


चोंग-ताल, तलावाचा उत्तर किनारा, २८ जुलै २०१९

बुरुलचा झापारोव्ना,

प्रयोग झाला. मी एक्याऐंशी वर्षांची आहे, म्हणून माझा जुना विद्यार्थी तालाय, जो आता एका प्रयोगशाळेचा प्रमुख आहे, गाडी आणि उपकरणे घेऊन बरोबर आला. जागा तीच: तुमच्या वडिलांचे कुरण. तिथे आता शामबेत यांच्या मुलाचा तंबू आहे. शामबेत स्वतः दाराशी बसले होते.

"या, या एजे," ते म्हणाले. "शहरातल्या बाईला तेहतीस वर्षांनी आमच्या रश्श्याची भूक लागली म्हणायची."

"बाइके, इथं काडी धड पेटत नाही," तालाय शामबेत यांना म्हणाला, "आणि ह्यांना विष शिजवायचंय."

"शिजवा की. पण माझ्या पातेल्यात नको. बायको आधी पातेलं फेकून देईल, मग मला."

पातेले आम्ही आणलेच होते. मुळी, पाणी आणि मटण यांचे वजन धारिकेतल्यासारखेच ठेवले. चुलीत गोवऱ्या. तापमापीचा पारा एकोणनव्वदवर गेला आणि तिथेच थांबला. दर अर्ध्या तासाला तालाय एक कुपी भरून बर्फात ठेवत होता. मी घड्याळ लावले होते, पण ते फारसे पाहिले नाही. पातेले चढवले तेव्हा छताच्या वर्तुळातून पडणारे ऊन खोगिरावर होते. ते नमद्यावरून सरकत गेले, आणि रजयांच्या थप्पीला टेकले तेव्हा घड्याळात तीन तास आणि सात मिनिटे झाली होती. तंबूची मांडणी तुमच्याकडे कधी बदलत नाही. खोगीर त्याच बाजूला, रजया त्याच बाजूला. हे मी लिहून घेतले, आणि तालायची साक्षीदार म्हणून सही घेतली.

कुप्यांची तपासणी परवा पूर्ण झाली. शहरात तीन तास उकळल्यावर विषाचा विसावा हिस्सा उरतो. वर जवळजवळ पाव हिस्सा उरला. तुमच्या वडिलांच्या वाटीत जेवढी मुळी होती, तिच्या पाव हिश्शाने माणूस मरतो.

पातेले थंड होत असताना मी शामबेत यांना विचारले, "तुमच्या घरात ही मुळी किती वेळ उकळत असत?"

"आमची आई? सकाळच्या धारेला चढवायची, संध्याकाळच्या धारेला उतरवायची. वरती असंच लागतं. मांससुद्धा इथं लवकर शिजत नाही."

"हे साइराकानला कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार? ती लग्न होऊन आली त्याच्या आधीच आई गेली. ती तलावाकाठची पोर. तिकडच्या बायका तीन तासांत उतरवतात, तसं तिनं केलं असेल."

"हे तुम्ही न्यायालयात का सांगितलं नाहीत?"

त्यांनी पावाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "मला कुणी विचारलं? विचारलं ते एवढंच, वहिनी काय बोलली. बोलली ते सांगितलं."

"ती चेष्टेत बोलली होती का?"

"एजे, गुडघ्यापायी तो महिनाभर कण्हत होता. आम्ही सगळेच वैतागलो होतो. मीसुद्धा म्हणालो होतो त्याला, मर एकदाचा. माझं नाही कुणी लिहून घेतलं."

मी खाली उतरले, आणि आकडे हाती आल्यावर तुमच्या आईकडे आले. दोन खोल्या, अंगणात जर्दाळूचे एक झाड. पाय सुजलेले असूनही चहा तिनेच ओतला, आणि माझी वाटी काठोकाठ भरली. काठोकाठ भरलेल्या वाटीचा आपल्याकडे अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको: प्या आणि उठा.

"तुम्ही त्या जिभेवाल्या बाई ना?" ती म्हणाली. "कोर्टात सांगत होतात, माझी जीभ बधिर झाली म्हणून. मला वाटलं, बरं झालं, आता ही बोलायची नाही."

मी आकडे सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "म्हणजे तो बाटलीतलं प्याला नव्हता? गुडघ्याला चोळायचं होतं ते?"

"नाही. बाटली गळ्यापर्यंत भरलेली सापडली होती. तशी नोंद आहे."

"मी इतकी वर्षं तेच धरून बसले होते. म्हटलं, रश्श्यानं बरं वाटेना म्हणून चोरून बाटली लावली असेल." ती म्हणाली. "म्हणजे माझ्याच रश्श्यानं."

"हो. परंतु कायद्याच्या दृष्टीने हेतू..."

"हेतू तुमच्यापाशी ठेवा, एजे. सगळं गाव म्हणालं, तू मारलंस. आत होते तेव्हा बायकासुद्धा म्हणायच्या, सांगून टाक, हलकं वाटेल. मी एकटी म्हणत होते, नाही. आता तुम्ही मला निर्दोष करायला आलात, आणि मीपण म्हणायला लागले, मीच मारलं."

अशा परिणामाचा विचार मी माझ्या युक्तिवादात कुठेही केलेला नव्हता.

पुनर्विचाराच्या अर्जावर तिची सही लागते. कागद मी पुढे ठेवला. तिने सही केली नाही, विचारले, "वाटी पोरीनं नेली हे ह्यात येणार आहे का?"

"नाही."

"पोरीला लिहिता ना तुम्ही? तिला लिहा, वाटी मी दिली होती."

"त्यांना आठवतं, साइराकान. त्यांनीच मला कळवलं."

तिने माझी वाटी उचलली, अंगणात जाऊन चहा जर्दाळूच्या बुंध्याशी ओतला, आत आली आणि नव्याने ओतला. या वेळी चार घोटांपुरता. मी बसून राहिले.

मग तिने विचारले, "काय रांधते ती तिकडे?"

मला ठाऊक नव्हते. तीनशे माणसांचे, एवढेच सांगितले.

"तीनशे," ती म्हणाली. "मग हात भाजत असतील."

का. झु.


बिश्केक, १९ ऑगस्ट २०१९

बुरुलचा झापारोव्ना,

तुमचे दुसरे पत्र तीन ओळींचे आहे. "तुम्हाला केव्हा कळलं? यंदाच्या हिवाळ्यात नाही. जुन्या वह्या चाळून कुणाला नवं काही कळत नसतं. आपणच लिहिलेलं दिसतं."

तुमचा तर्क निर्दोष आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिले की आरोपीने सरपण आणि चहा यांविषयी काही किरकोळ विधाने केली. ती विधाने आता पूर्ण देते. दिनांक ४ नोव्हेंबर १९८६, दुपारचे सत्र. सरकारी वकिलाने उकळण्याविषयी विचारले. तुमची आई म्हणाली, "तीन तास, साहेब. माझ्या आईनं शिकवलं तसं. खोटं कशाला बोलू? किती गोवऱ्या जळाल्या त्या मोजा. वर उकळता चहासुद्धा जीभ भाजत नाही, दुपारचं मांस संध्याकाळी शिजतं, मी तर सबंध तीन तास बसले होते."

न्यायालयात हशा पिकला. चहा जीभ भाजत नाही, हे तज्ज्ञबाईंच्या जिभेला विचारा, असे कोणीतरी मागून म्हणाले, पुन्हा हशा. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आरोपीच्या या विधानावर तज्ज्ञांना काही सांगायचं आहे का?"

त्या दिवसाची वही माझ्यासमोर उघडी आहे. समासात पेन्सिलने लिहिले आहे: ८९? अक्षर माझे. आकडा मी त्या क्षणी, त्या खुर्चीत बसून लिहिला. तिचे वाक्य संपायच्या आत मला समजले होते. चहा जीभ भाजत नाही याचा अर्थ ज्या एका व्यक्तीला त्या दालनात नेमका कळत होता ती मी होते.

"काही सांगायचे आहे" असे म्हटले असते तर सुनावणी थांबली असती. मुळी वर नेऊन उकळावी लागली असती. पण कुरण बर्फाखाली होते, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत खटला लांबला असता. माझा अहवाल परत आला असता. पंचवीस वर्षांत माझा एकही अहवाल परत आलेला नव्हता. हाच अहवाल नव्या मुलांना नमुना म्हणून शिकवायचे ठरले होते. ही कारणे मी समर्थनार्थ देत नाही. ती खरी आहेत आणि लहान आहेत, म्हणून देते.

तुमच्या काकांनी मला सांगितले, मला कुणी विचारले? त्यांना हे म्हणता येते. त्या दिवसापासून मला ते म्हणता येत नाही.

तुमच्या आईने अजून सही केलेली नाही. "मारलं नाही असं लिहून देणार नाही," एवढेच म्हणते. शेजारीण सांगते, हल्ली ती चूल पेटवत नाही. दिले तर पाव आणि दही खाते. तिला माझ्याकडून आता काही नको आहे, आणि मला तिची समजूत घालण्याचा अधिकार नाही. ज्या एका माणसाच्या सांगण्याने ती पुन्हा चुलीपाशी बसेल, ते माणूस येकातेरिनबुर्गला तीनशे लोकांचे रांधते. इथे मी युक्तिवाद थांबवते. पहिल्या बर्फाला किती आठवडे आहेत, ते तुम्हीही मोजू शकता.

खालील निवेदन मी स्वतंत्र कागदावर लिहून अभियोक्त्याच्या कार्यालयात दिले आहे. त्यासाठी तुमच्या आईच्या सहीची गरज नव्हती. माझी पुरेशी होती. ही त्याची प्रत.


निवेदन

मी, कालीपा झुमागुलोव्ना, वय एक्याऐंशी, निवृत्त विषतपासणी तज्ज्ञ, शुद्धीवर आणि स्वेच्छेने लिहून देते की:

झापार यांच्या मृत्यूच्या खटल्यातील माझी विषचाचणी अचूक होती. चुकीच्या उंचीवर मुळी उकळणे हे अज्ञान होते. ते माझ्याकडून झाले, परंतु त्याला मी चूक म्हणत नाही, कारण ते सुधारण्याची संधी मला त्याच खटल्यात, भर न्यायालयात, देण्यात आली होती.

न्यायाधीशांनी मला विचारले, काही सांगायचे आहे का. आरोपी माझ्याकडे पाहत होती. तिची मुलगी, वय वर्षे सात, पहिल्या बाकावर काकांच्या मांडीवर बसून माझ्याकडे पाहत होती. आकडा माझ्या वहीत लिहिलेला होता.

मी म्हणाले, "नाही."

ही माझी चूक.

(सही) कालीपा झुमागुलोव्ना
बिश्केक, १९ ऑगस्ट २०१९